एक माप सैल

लग्नसराईत दुकानात येणाऱ्या प्रत्येक नवरीला मी एकच वाक्य सांगते. हात ढिला सोड. सकाळी शटर वर गेल्यापासून दिवेलागणीपर्यंत हेच. नवरी घाबरलेली असते, तिची आई मागे उभी राहून बजावत असते की एकही बांगडी फुटायला नको, आणि मी त्या पोरीचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून अंगठ्याखालचं हाड दाबत बसलेली असते. हात ढिला सोड, बाई, लाकूड नको करू. हे म्हणून म्हणून माझी जीभ झिजली आणि दाबून दाबून माझाच हात लाकूड झाला.

मी अतिका. शहाद्यात एसटी स्टँडवरून बाजाराकडे वळलं की आमचं मणियाराचं दुकान लागतं. मणियार म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या विकणारे आणि भरणारे लोक. माझे अब्बा, सलाउद्दीन, बांगड्यांचे खोके घेऊन अक्कलकुव्याकडच्या बाजारांना जातात आणि दुकान अम्मी सांभाळते. सांभाळायची, असं म्हणायला पाहिजे. मदिनाआपा म्हटलं की आसपासच्या गावांतल्या बाया डोळे मिटून हात पुढे करायच्या, असं तिचं नाव होतं. पण तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेला आणि डॉक्टरने दाबायचं काम बंद करायला सांगितलं. तेव्हापासून गादीवर मी बसते आणि अम्मी शेजारी बसून माझ्या चुका काढते.

दुकानाच्या मागे एक खोली आहे. तिथे खोक्यांच्या थप्प्या आणि त्यांच्या मधोमध एक कॉम्प्युटर. अब्बांनी तो एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून बिलं करायला आणला होता. बिलं आम्ही अजून हातानेच करतो. मी त्यावर गोळीबाराचा खेळ खेळते. पाच जणी इकडून, पाच तिकडून. आपली बंदूक आपल्याच डोळ्यांसमोर असते. कोपऱ्यावरून कोणी डोकावलं की पापणी लवायच्या आत माउस त्या डोक्यावर न्यायचा आणि बोट दाबायचं. ज्याचा निशाणा आधी बसला तो जगला. लोकांना ही टवाळकी वाटते. वाटू दे, मी कोणाला समजावत बसत नाही.

चेतना माझी कॉलेजातली मैत्रीण, तापीकाठच्या एका गावातल्या केळीवाल्या पाटलांची मुलगी. आता पुण्यात असते आणि मुलींची टीम चालवते. यंदा एका कंपनीने त्यांना तिथे घर दिलं. राहायचं, दिवसभर सराव करायचा, स्पर्धा खेळायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. टीममधली पाचवी जागा रिकामी होती. तिच्यासाठी आम्ही दोघी होतो, मी आणि कोल्हापूरची एक मुलगी. दोघींना एकेक सामना खेळवून बघणार आणि एकीला घेणार, असं ठरलं.

मला ती जागा हवी होती. भयंकर हवी होती. अम्मीला वाटतं मला बांगड्यांचा कंटाळा आलाय. कंटाळा नाही आलेला, मी थकलेय. दिवसभर परक्या पोरींचे घामेजलेले हात धरायचे, त्यांच्या आयांची बोलणी ऐकायची, संध्याकाळी फुटक्या काचा झाडायच्या आणि उद्या परत तेच. कुठेतरी दार बंद करून फक्त एका कामाला हात लावावा, दुसऱ्या कोणाचा हात धरायला लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

अडचण माझ्या निशाण्याची होती. कोण कुठून येणार हे मला बरोबर कळायचं. चेतना म्हणायची, तुला भिंतीपलीकडचं दिसतं. पण समोर माणूस आलं की माझी गोळी त्याच्या कानाशेजारून जायची. मी सरावाचा प्रोग्राम उतरवून घेतला. त्यात पडद्यावर निळे गोळे येतात आणि ते फोडायचे असतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी गोळे फोडत बसायचे. माउसचा वेग कमी करून पाहिला, वाढवून पाहिला. टेबलावरचे खोके खाली काढून कोपराला जागा केली. कोणी सांगितलं मनगट टेकव, कोणी सांगितलं उचल. निशाणा होता तिथेच राहिला आणि माझा खांदा मात्र ठणकायला लागला.

शेवटी चेतनाने मला मोबाइल उभा करून हात दाखवायला सांगितला. मी खेळत होते आणि ती तिकडून बघत होती. मग आमच्या अहिराणीत म्हणाली, "अतिका, तुन्हा हात लाकूड शे. ढिला सोड ना."

मला आधी हसू आलं आणि मग अशी तिडीक गेली डोक्यात. हे वाक्य मी दिवसभर जगाला सांगते, आता ही मला शिकवणार. पण तिचं पुढचं बोलणं मला पटलं. तिचं म्हणणं, उजव्या हातात एवढ्या काचेच्या बांगड्या घालून माउस धरते कोण? त्या टेबलावर घासू नयेत म्हणून मी मनगट अधांतरी ठेवते आणि तिथेच हात आखडतो. शिवाय मी हेडफोन एकाच कानावर लावते, कारण अम्मीची हाक ऐकू यायला उजवा कान उघडा ठेवावा लागतो. सरावात माझ्याबरोबर खेळणाऱ्या टीममधल्या मुली तर माझी छनछन ऐकून मला नवरीच म्हणायच्या. चेतना म्हणाली, बांगड्या काढ, दोन्ही कान झाक आणि बघ फरक.

सांगायला सोपं आहे. मणियाराच्या घरात बाईचा हात मोकळा ठेवत नाहीत. अम्मी म्हणते, जिचे स्वतःचे हात रिकामे तिच्याकडून कोण आपल्या लेकीचा चुडा भरून घेईल? आणि बांगडी मापातलीच हवी. दाबल्याशिवाय, हाड आत गेल्याशिवाय जी चढते ती अम्मीच्या लेखी बांगडीच नव्हे. गिऱ्हाइकाने सैल माप मागितलं तर ती तोंडावर सांगायची की बाई, जत्रेतल्या टोपलीवाल्याकडे जा. आणखी एक, आमच्यात आपल्या हातात आपण बांगडी भरत नाहीत. मापातली भरताही येत नाही म्हणा, समोरच्याचे दोन हात लागतातच. माझ्या हातातल्या मामीने भरलेल्या होत्या, ती नवापूरहून आली होती तेव्हा.

काढणं तेवढं अवघड नसतं. साबणाचा फेस करून मी उजव्या हातातल्या एकेक उतरवल्या आणि खोक्यात लपवल्या. दुकानात लांब बाह्यांचे कुर्ते घालायला लागले. उन्हाळ्यात तो एक वेगळाच ताप. अम्मीच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं. गिऱ्हाईक आलं की ती माझी बाही ओढून मनगटापर्यंत आणायची. तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त छळतं.

पण फरक पडला, हे खरं. हात एकदम हलका झाला. निळे गोळे पटापट फुटायला लागले. चेतनाला आकडे पाठवले तर तिला खरंच वाटेना. मला तर त्या बांगड्यांचा रागच आला. म्हटलं, इतके दिवस यांनीच माझा जीव खाल्ला.

सामना बाजाराच्या दिवशी दुपारी होता. अब्बा सकाळीच अक्कलकुव्याला गेले होते. त्या दुपारी चुडा भरायला कोणाला बोलवू नको, असं मी अम्मीला आधीच सांगून ठेवलं होतं आणि तिने मान हलवली होती. मी खोलीचा पडदा ओढला, दोन्ही कान झाकले आणि बसले.

पहिला अर्धा डाव आठवूही नये असा गेला. मी बरोबर जागी उभी राहायचे, समोरची बरोबर तिथूनच यायची आणि माझी गोळी तिच्या डोक्यावरून निघून जायची. सरावातले गोळे एका जागी थांबून राहतात, माणसं थांबत नाहीत. या खेळात माउस चालता असताना बोट दाबलं तर गोळी भलतीकडेच जाते, हात थांबवून मग दाबायचं असतं. आणि माझा हात थांबलाय की नाही हेच मला कळेना. हलका हात नुसता वाहत होता. चुकले म्हणून घट्ट धरला, घट्ट धरला म्हणून परत चुकले. दर वेळी सगळ्यांत आधी मीच मरत होते. चेतना कानात बोलायची थांबली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अर्धा डाव संपून थोडी विश्रांती होती. मी हेडफोन काढून कपाळ टेबलावर टेकवलं. रडू येत होतं, पण तेवढीही ताकद नव्हती. तेवढ्यात अम्मी पडदा सारून आत आली. चेहरा रागाने लाल. बाहेर धनुबाई येऊन बसली होती, आमची जुनी गिऱ्हाईक, नातीला घेऊन. लग्न दोन दिवस अलीकडे आलं म्हणून न सांगता आली होती. तिने गादीवर मला शोधलं, पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि अम्मीला म्हणाली होती, "माय वो, तुन्ही पोरना हात मोकया, आन ती आम्हनी पोरले काय भरी?" अम्मीला ते जिव्हारी लागलं होतं.

मी म्हटलं, थोडा वेळ दे, माझा डाव चालू आहे, यात माझं सगळं अडकलंय. अम्मीने ऐकलं नाही. तिला माझ्या डावातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. गिऱ्हाइकापुढे मणियाराच्या पोरीचा हात रिकामा दिसला, एवढंच तिला कळत होतं. ती समोर खोक्यावर बसली, ओढणीतून बांगड्या काढल्या, माझा उजवा हात ओढून घेतला आणि अंगठ्याखालचं हाड दाबलं.

मी हात आखडला. मुद्दाम नाही, भीतीने आणि रागाने तो तसा झालाच होता. अम्मीने जोर लावला. तिचा अंगठा माझ्या हातावर थरथरताना मला दिसला. तिच्या कपाळावर घाम आला आणि ओठ आत ओढले गेले. घरात ती माझ्याशी आमच्या बोलीत बोलते, पण तेव्हा तिच्या तोंडून दुकानातलंच वाक्य आलं.

"हात ढिला सोड."

माझा हात जेवढा ताठ तेवढा तिचा अंगठा दुखत होता. एवढं मला कळलं आणि पुढचं काही मला करावंच लागलं नाही. मी हात सोडला. खांद्यापासून सोडला. तो तिच्या हातात पडून राहिला आणि एकेक बांगडी हाडावरून सरकत मनगटावर येत गेली. एकही फुटली नाही. शेवटची चढली तेव्हा अम्मीने आपला अंगठा ओढणीत गुंडाळला आणि उठली. धनुबाईला चहा देते म्हणाली, पण एक कान उघडा ठेव, हाक मारली की लगेच यायचं.

म्हणून दुसऱ्या अर्ध्या डावात माझा उजवा कान उघडा होता.

पहिलीच मुलगी कोपऱ्यावरून आली. मी माउस नेला, बांगड्या वाजल्या, वाजायच्या थांबल्या, मी बोट दाबलं. ती पडली. दुसरी आली. छनछन, मग शांत, मग गोळी. तिसऱ्या वेळी माझ्या ध्यानात आलं. हात थांबला हे मला बांगड्या सांगत होत्या. महिनोन्‌महिने मी कानाने निशाणा धरत आले होते आणि मला पत्ता नव्हता. चूक फक्त आखडलेल्या हाताची होती, तो अम्मीने सोडवला होता, आणि मी शहाणी बांगड्यांबरोबर माझा कानही काढून खोक्यात ठेवून बसले होते. चेतना परत बोलायला लागली. मग ओरडायला लागली. सामना आम्ही जिंकला.

अम्मीने हाक मारली ती सामना संपल्यावर. मी तशीच बाहेर गेले आणि धनुबाईच्या नातीचा चुडा भरला. धनुबाईने माझ्या मनगटाकडे बघून मान डोलावली. माझ्या अंगात त्राण नव्हतं, पण त्या पोरीचा हात मला जड लागला नाही.

संध्याकाळी चेतनाचा फोन आला. जागा माझी होती. लग्नसराई संपली की ये, म्हणाली. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आन त्या बांगड्या ऱ्हाऊ दे हातमा." मी अम्मीला सांगितलं. वाटलं होतं आरडाओरडा होईल, पण झाला नाही. अब्बा दुकानात बसतील आणि बाजार सोडतील, हे दोघांनी आपसांत केव्हाच बोलून ठेवलं होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं. अम्मीने एकच विचारलं, तिथे बांगडी फुटली तर भरणार कोण? मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, पुण्यात काय मणियार नाहीत? ती हसली नाही.

सामन्याच्या दिवशी अम्मीचा अंगठा सुजला, ती सूज उतरलीच नाही. डॉक्टर तिच्यावर चिडले, पट्टा बांधला आणि आता चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने धरायचा म्हणाले. तिने त्यानंतर कोणाच्याच हातात बांगडी भरली नाही. माझा हात शेवटचा. हे मला बोचतं आणि बोचत राहील. आणि दुकानाच्या कामात, उन्हाळाभर, तिने भरलेल्या त्या बांगड्या एकेक करून फुटत गेल्या. काचच ती. निघायच्या आदल्या दिवशी उजव्या हातात एक उरली होती. एकटी बांगडी वाजत नाही. मी सरावाला बसायचे आणि हात मुका असल्यासारखा वाटायचा. मामीला बोलावून घ्यावं असं मनात होतं, पण अम्मीचा पट्टा बघून तो विषय काढायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दुपारी मी बॅग भरत होते. अम्मी आत आली आणि डाव्या हाताने माझ्यासमोर एक खोका ठेवला. हिरव्या बांगड्या, दाटून भरलेल्या. मी माप वाचलं. माझं माप दोन-चार. खोक्यावर दोन-सहा होतं, म्हणजे एक माप मोठं. मला वाटलं घाईत चुकीचा खोका उचलला. मी तसं म्हटलं तर ती बॅगेतला कुर्ता परत घडी घालत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकटीला भरता येतील."

गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल म्हणणारी ही बाई. सैल माप आयुष्यात कोणाच्या हातात न घालणारी. तिने स्वतः मांडणीतून शोधून, एका हाताने खोका बांधून आणला होता.

घालून दाखव, म्हणाली. मी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने स्वतःच्या हातात बांगड्या घातल्या. हाड दाबावं लागलं नाही, काही दुखलं नाही, त्या आपोआप आत गेल्या आणि अम्मीच्या त्या एका मापातल्या बांगडीला जाऊन टेकल्या. मी कॉम्प्युटर चालू केला. अम्मी दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत ती माझा खेळ बघायला कधी थांबली नव्हती.

पडद्यावर निळा गोळा आला. मी माउस नेला आणि थांबवला. हात थांबला, बांगड्या थांबल्या नाहीत. कोपराकडे धावल्या, परत आल्या, मापातल्या बांगडीवर आपटल्या, वाजतच राहिल्या. गोळी बाजूने गेली. दुसरा गोळा, तेच. त्या गप्प होण्याची वाट बघावी तर समोरची मला मारून जेवायला जाईल. महिनोन्‌महिन्यांचा माझा कान एका क्षणात फुकट गेला होता.

"बरोबर बसल्या?" अम्मीने विचारलं.

"एकदम बरोबर," मी म्हटलं.

तिने मान हलवली. गिऱ्हाईक आलं तशी ती पट्टा बांधलेला हात छातीशी धरून बाहेर गेली. मला रडू आलं ते मी येऊ दिलं. मग डोळे पुसले, हेडफोन लावला, उजवा कान उघडा ठेवला, हात ढिला सोडला आणि पहिल्या गोळ्यापासून परत सुरुवात केली.